रिसीटमधला ‘पी’ आणि बुसानचा फोन

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. नेरुळला राहते, बेलापूरला कस्टम्स क्लिअरिंगच्या एका ऑफिसात १८ वर्षं काम करते. शिक्षण पेणजवळच्या मराठी शाळेत झालं. बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल माझ्या हातून गेलं की त्यात चूक निघत नाही, हे ऑफिसात सगळे मानतात. आता साहेब मला एक्स्पोर्ट डेस्क सांभाळायला सांगतायत. त्यात दक्षिण कोरियातल्या बुसान आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरांच्या एजंटांशी थेट फोनवर बोलावं लागतं. मेल मी नीट लिहिते, पण फोन वाजला की घशाला कोरड पडते. समोरच्याचं निम्मं बोलणं कळत नाही. परवा एका कॉलवर मी ‘रिसिप्ट’ म्हणाले, तर नवीन लागलेला मुलगा सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, ‘मॅडम, पी सायलेंट असतो.’ घरी लेकही टोकते, तेही मैत्रिणींसमोर. वाशीला एक क्लास आहे, ‘६० दिवसांत अस्खलित इंग्रजी, अमेरिकन ॲक्सेंटसह’. फी २२ हजार. लावू का? की या वयात जमायचं नाही म्हणून साहेबांना नाही सांगू? आणि जी भाषा लिहिते एक आणि बोलते भलतंच, तिच्यासाठी आपण एवढं का झुरायचं?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, साहेबांना ‘हो’ सांगा. आणि २२ हजार सध्या बँकेतच राहू द्या. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

मी ठाण्यात नोकरदारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधून सुटून लोक नौपाड्यात येतात. तुमच्यासारखी माणसं त्यांत खूप असतात. कामात पक्की, कागदावर पक्की, आणि फोन वाजला की हातपाय गार. त्यांच्याकडे अक्कल कमी नसते आणि शब्दही कमी नसतात. ऐकणं आणि बोलणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीशी गाठ पडायची ती पाचवीत, आणि तुम्ही त्या आधीच्या पिढीतल्या. पाचवी ते दहावी धडे वाचले, प्रश्नोत्तरं लिहिली, काळ बदला, प्रयोग बदला केलं. पण एकीने इंग्रजीतून काही सांगायचं आणि दुसरीने ते समजून उलट प्रश्न विचारायचा, असं वर्गात कुणी करून घेतलं नाही. जे शिकवलं त्यात तुम्ही १८ वर्षं कुणाला चूक काढू दिलेली नाही. जे शिकवलंच नाही ते येत नाही, याची लाज तुम्ही का बाळगायची?

आता तो ‘पी’. तो तिथे आला कसा, हे सांगते, कारण ते कळल्यावर मनावरचं ओझं बरंच उतरतं असं मी वर्गात पाहिलंय.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्यात पी ऐकूही यायचा नाही आणि बरेच जण तो लिहीतही नसत. पुढे लॅटिन शिकलेल्यांना वाटलं की मूळ लॅटिन शब्दात पी आहे, मग तो आपल्याकडेही दिसायला हवा. म्हणून लिहिण्यात पी आला. बोलणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी असाच. तुमच्या टेबलावर डेबिट नोट येते, त्यातला बी आपण खणखणीत म्हणतो. ‘डेबिट’ आणि ‘डेट’ ही एकाच लॅटिन शब्दाची पोरं. ‘डेट’ फ्रेंचमार्गे आला, वाटेत बी गळला, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास पंडितांनी तो पुन्हा लिहायला लावला. ‘आयलंड’मधला एस तर सरळसरळ चुकून आलेला. हा इंग्रजांचा घरचा शब्द, त्याचा लॅटिनशी काही संबंध नव्हता. पण ‘आइल’ या फ्रेंचकडून आलेल्या दुसऱ्या शब्दाशी त्याचं नातं आहे असं समजून त्यालाही एस लावला गेला.

तुम्ही ‘रिसिप्ट’ म्हणालात, म्हणजे लिहिलं होतं ते प्रामाणिकपणे वाचलंत. इथून पुढे ‘रिसीट’ म्हणा, कारण समोरच्याच्या कानाला तो उच्चार ओळखीचा आहे. एवढीच दुरुस्ती. त्यावरून तुमच्या शिक्षणाची परीक्षा करायचा हक्क कुणालाही नाही.

बाकीच्या गोंधळाचं मोठं कारण म्हणजे छापखाना फार लवकर आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं, आणि नेमके त्याच सुमारास, साधारण १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक बदलत होते. व्यंजनंही गळत होती. गुडघ्याला म्हणतात त्या ‘नी’मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मधल्या जीएचचा घशातून ‘ख’सारखा आवाज यायचा. उच्चार बदलले, छापलेलं तसंच राहिलं, आणि ते मागाहून नीट करायला कुणी बसलंच नाही. फ्रेंच भाषेचे नियम पाहणारी अकादमी १६३५ पासून आहे. आपल्याकडे साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली लागू झाले आणि आजीच्या पत्रांत असायचे ते न उच्चारले जाणारे अनुस्वार निघून गेले. इंग्रजीला असं मंडळ कधी मिळालं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली लंडनमध्ये कोश केला, नोआ वेबस्टरने १८२८ साली अमेरिकेत आपला वेगळा केला, आणि ‘कलर’मधला यू अमेरिकेत गेला तो गेलाच.

मराठीतही परक्या माणसाला रडवेल असं पुष्कळ आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहा. अक्षर तेच, पण पहिला च टाळूला लागतो आणि दुसरा दातांना. कागदावर याची काही खूण नाही. आपण लहानपणी ऐकून शिकलो म्हणून आपल्याला कळतही नाही की इथे काही अवघड आहे. इंग्रजीचं तुम्हाला जे अडतं ते याच जातीचं आहे. ते कानाने सुटतं, पाठांतराने सुटत नाही.

बुसानच्या फोनवर पलीकडे कोण आहे, याचा तुम्ही विचार केलाय का? इंग्रजी बोलणारी माणसं जगात साधारण १५० कोटी धरतात. त्यांतली मातृभाषा म्हणून बोलणारी ४० कोटींच्या आत. उरलेली सगळी तुमच्यामाझ्यासारखी, शिकून बोलणारी. बुसानचा एजंट कोरियन आहे. त्याच्या भाषेत एफचा आवाज नाही, म्हणून ‘फ्रेट’ त्याच्या तोंडून ‘प्रेट’च्या जवळ जाणारं येईल. र आणि ल वेगळे ठेवणंही त्याला जड जातं. तुम्हाला त्याचं निम्मं कळत नाही यात निम्मा वाटा त्याचा आहे, आणि तोही पलीकडे धास्तावलेला असू शकतो. तुमच्या दोघांच्या मधल्या त्या फोनवर इंग्रज कुठेच नाही.

तुमच्या धंद्यातले शब्द तरी इंग्रजांचे कुठे आहेत? ‘कार्गो’ स्पॅनिश, ‘फ्रेट’ डच आणि उत्तर जर्मनीच्या बाजूचा, ‘टॅरिफ’ मुळात अरबी, ‘डिमरेज’ (उशिराचा आकार) फ्रेंच. एफओबी आणि सीआयएफ, म्हणजे मालाचं भाडं आणि विमा कुणी भरायचा अशा अटींचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचं मुख्यालय पॅरिसला आहे. त्यांनी १९३६ साली पहिले नियम काढले, सध्याचे २०२० चे. या भाषेत सगळ्यांनी आपापलं घातलंय. ‘मंगूस’ हा शब्द त्यांनी आपल्या मुंगसावरून घेतलाय.

इंग्रजी चांगलं असणं म्हणजे काय, हे जिथे जिवाशी गाठ आहे तिथल्या लोकांनी ठरवून ठेवलंय, आणि ते वाशीच्या क्लासच्या जाहिरातीपेक्षा फार वेगळं आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यांतलं एक म्हणजे बोलण्यातला घोळ. डच विमानातून ‘वी आर नाउ ॲट टेक-ऑफ’ असं सांगितलं गेलं. विमान तेव्हा धावू लागलं होतं. स्पॅनिश नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला आणि ‘ओके’ म्हटलं. दोघांनाही इंग्रजी येत होतं. पुढे नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. मिळालेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, यावरही भर वाढला.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरचे वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी २००८ साली इंग्रजीची पातळी लागू झाली. सहा पायऱ्या आहेत, किमान चौथी हवी. त्या चौथ्या पायरीत मातृभाषेची छाप असलेला उच्चार चालतो, त्याने समजण्यात फक्त अधूनमधूनच अडथळा यावा. पनवेलजवळच्या आपल्या नव्या विमानतळावर विमान उतरवणाऱ्याला जे चालतं, ते न्हावा शेवाहून कंटेनर पाठवणारीला चाललंच पाहिजे.

जहाजांवरचं तर तुमच्या आणखी जवळचं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरावीक वाक्यांचा एक संच मान्य केला, देशोदेशीच्या खलाशांना एकमेकांचं कळावं म्हणून. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द संदिग्ध म्हणून टाळायला सांगितलंय. शाळेत ज्यांच्या बारीकसारीक फरकांवर आपण डोकं फोडलं, तेच शब्द समुद्रावर नकोत! आकडेही एकेक सुटे म्हणायचे, दीडशे असेल तर ‘वन फाइव्ह झीरो’.

हे आकड्यांचं आजपासूनच उचला. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक राहत नाही, आणि पंधराच्या जागी पन्नास कार्टन झाले तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असं दोनदा म्हणायचं. कंटेनर नंबरची चार अक्षरं आणि सात आकडे तुम्हाला पाठ असतात. त्यातली बी, डी, पी, टी ही अक्षरं फोनवर एकसारखी ऐकू येतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एंट्री करताना चूक बहुधा पकडली जाते, पण तोवर फोन संपलेला असतो. म्हणून समजा टी, बी, डी, यू असं सांगायचंय, तर ‘टँगो, ब्राव्हो, डेल्टा, युनिफॉर्म’ म्हणा. ही २६ शब्दांची यादी वैमानिक आणि खलाशी जगभर वापरतात. एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. या यादीत ‘अल्फा’चं स्पेलिंग मुद्दाम पीएचऐवजी एफने केलेलं आहे, कारण पीएचचा उच्चार फ होतो हे सगळ्या देशांतल्या माणसांना माहीत असेलच असं नाही. ‘ज्युलिएट’च्या शेवटी टी दोनदा आहे, फ्रेंच माणसाने तो गिळू नये म्हणून. इंग्रजीच्या खोडी माहीत असलेल्या लोकांनी किती विचार करून हे बांधलंय बघा.

उच्चारांत मेहनत करायचीच असेल तर ती आघातावर करा. मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांवर जवळपास सारखा जोर देतो. इंग्रजी ऐकणारा मात्र जोर कुठे पडला यावरून शब्द ओळखतो. ‘कंटेनर’मध्ये जोर ‘टे’वर. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर जोर ‘एक्स’वर, क्रियापद असेल तर ‘पोर्ट’वर. ‘इम्पोर्ट’, ‘परमिट’, ‘रेकॉर्ड’ यांचंही तसंच. ‘इनव्हॉइस’मध्ये जोर नेहमी पहिल्यावर. रोजच्या वापरातले चाळीसएक शब्द काढा आणि प्रत्येकात जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. माझ्या वर्गात या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही. ॲक्सेंट मराठीच राहतो, पण लोकांचं ‘सॉरी?’ विचारणं कमी होतं. आणि ‘कान्ट’ म्हणू नका, ‘कॅनॉट’ म्हणा. फोनवर शेवटचा टी हरवतो आणि नकाराचा होकार होतो.

लिहिण्यात तुम्ही चोख आहात, तरी तीन सवयी तपासा. तारीख ०५/०६ अशी लिहू नका, महिन्याचं नाव लिहा, कारण अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो. लाख-कोटी आणि आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम बाहेर कळत नाहीत. आणि ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘काइंडली रिव्हर्ट’ हे आपल्याकडे सहज चालतं. त्यात चूक काही नाही, ते भारतातलं इंग्रजी आहे, पण बुसानच्या माणसाला ते अडेल. काय हवंय ते सरळ लिहा. ‘ए’ आणि ‘द’ची चिंता मात्र आत्ता सोडा. आपल्या भाषेत ते नाहीत, त्यामुळे ते सावकाशच येतात, आणि त्यांच्यामुळे कंटेनर अडून राहत नाही.

कॉलवर अडलात तर गप्प बसू नका आणि न कळता ‘येस, येस’ अजिबात म्हणू नका. ‘कुड यू से दॅट अगेन, स्लोली, प्लीज?’ हे वाक्य तोंडात बसवा. मग ‘लेट मी रीड इट बॅक’ म्हणा आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवा: व्हेसलचं (जहाजाचं) नाव, कट-ऑफची (माल पोचवायच्या मुदतीची) तारीख आणि वेळ, कंटेनर किती. वैमानिक हेच करतात. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत तेच मुद्दे मेलवर पाठवा. तिथे तुमची बाजू भक्कम आहेच, आणि उद्या वाद झाला तर ऑफिसच्या हाती कागद राहतो.

ऐकण्यासाठी रोज लोकलमध्ये थोडा वेळ काढा. बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम फुकट आहेत. त्यांच्या जोडीला कोरियन आणि डच माणसं इंग्रजी बोलतायत असे व्हिडिओ शोधून ऐका, कारण तुमची गाठ त्यांच्याशी पडणार आहे. अमेरिकन ॲक्सेंट विकणाऱ्या क्लासकडे म्हणूनच जाऊ नका. तुमच्या एकाही फोनवर तो कामाला येणार नाही. पुढे कधी क्लास लावावासा वाटलाच, तर आधी एक दिवस फुकट बसू देतात का, बॅचमध्ये किती जण असतात आणि तासातला किती वेळ विद्यार्थी बोलतात, हे विचारा. शिक्षकच बोलत असेल तर उठून या.

लेकीशी एकदा दार लावून बोला. मैत्रिणींसमोर टोकलेलं तुम्हाला लागतं, हे तिला स्पष्ट शब्दांत कळू द्या. या वयाच्या मुलांना ते सांगितल्याशिवाय उमगत नाही. आणि मग तिची मदत मागा. तिने आतल्या खोलीतून तुम्हाला फोन लावायचा, कंटेनर नंबर आणि तारखा भरभर वाचायच्या, तुम्ही लिहून घेऊन परत म्हणायच्या. तिचा कान तुमच्यापेक्षा तयार आहे, तो कामाला लावा. ऑफिसातल्या मुलाला मात्र एकटा गाठून इतकंच सांगा, की चूक दिसली तर कॉलनंतर सांग, मी ऐकेन. बहुतेक जण एवढ्यावर शहाणे होतात. नाहीच झाला, तर साहेबांच्या कानावर घाला.

‘का झुरायचं’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटला. इंग्रजी जगभर गेली ती सोपी किंवा गोड आहे म्हणून नाही. आधी ब्रिटिशांची सत्ता होती, मग अमेरिकेचा पैसा आला. आपल्या संविधानाच्या ३४८व्या कलमाने उच्च न्यायालयाचं कामकाज आजही मुख्यतः इंग्रजीत चालतं. ज्या बाईचा एकही कागद १८ वर्षांत परत आला नाही, तिला एका न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरावरून सगळ्यांसमोर खाली पाहावं लागतं, याचा मला राग येतो, आणि तो मी दडवणार नाही. पण तो डेस्क तुम्ही सोडलात तर तिथे तुमच्यापेक्षा कमी काम येणारं आणि जास्त बोलता येणारं कुणीतरी बसेल. ते मला अजिबात नको आहे. झुरू नका. ही भाषा हक्काने वापरा, ती तुम्हाला पगार मिळवून देणार आहे.

साहेबांना ‘हो’ म्हणताना दोन गोष्टी मागून घ्या. पहिला महिना प्रत्येक कॉलचे मुद्दे आदल्या दिवशी मेलवर यावेत. आणि सुरुवात बुसानपासून करू द्या, रॉटरडॅम नंतर. डच माणसं सराईतपणे भराभर बोलतात, कोरियन एजंट तुमच्याइतकाच जपून बोलेल अशी शक्यता जास्त आहे. पहिले काही कॉल झाले की मला पुन्हा लिहा, आणि अडलं ते नेमकं वाक्य जसं ऐकू आलं तसं मराठी अक्षरांत लिहून पाठवा. त्यावर पुढच्या सदरात बोलू.